हरकत घेणारं कुणीतरी हवं

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाताना वाटेत राजूर लागतं. पेढ्यांसाठी आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी हे गाव तालुक्याबाहेरही ठाऊक आहे. कोरियन मालिकांशी त्याचा संबंध जोडायला गेलं, तर पेढेवाला हातातला तराजू तसाच धरून आधी आपल्या तोंडाकडे आणि मग आपल्या पिशवीकडे बघेल. तरीही सांगतो, सोलच्या मालिकांनी जगाला वेड का लावलं हे समजून घ्यायला सोलपर्यंत जावं लागत नाही. राजूरच्या एसटी स्टँडवर अर्धा तास थांबलं तरी भागतं. तिथे कॉलेजातला एखादा मुलगा आणि एखादी मुलगी वहीच्या देवघेवीपुरती दोन मिनिटं एकत्र उभी राहिली, तर ती बातमी मुलीच्या वाडीवर पोचायला एसटी लागत नाही. रसवंतीवाला तिच्या मामाच्या गावचा असतो, कंडक्टर तिच्या चुलत्याला ओळखतो, आणि बाकड्यावरच्या ज्या म्हातारीला समोरच्या गाडीचा बोर्ड दिसत नाही तिला पन्नास पावलांवरून मुलाचं आडनाव कळतं. वहीत अर्थशास्त्राच्या नोट्स होत्या, हा तपशील मात्र बातमीतून वाटेतच गळून पडतो. प्रेमकथेला लागणारा सर्वांत महाग कच्चा माल या गावात फुकट मिळतो. त्या मालाचं नाव हरकत.

प्रेमकथा दोन माणसांची असते असं म्हणतात, ते खोटं आहे. दोनच माणसं असतील तर ती भेटतात, एकमेकांना आवडतात आणि गोष्ट पहिल्या जाहिरातीच्या आधी आटपते. तिसरं माणूस लागतं, आणि त्याने हरकत घ्यावी लागते. पाश्चात्त्य देशांत या तिसऱ्या माणसाचा गेली कित्येक वर्षं तुटवडा आहे. तिथली मुलगी वडिलांना फोन करून कळवते आणि वडील म्हणतात, छान, ख्रिसमसला घेऊन ये. लेखकाचा धंदा बसला! मग बिचारा हरकत नायकाच्या मनातच पेरतो. नायकाला बांधून घ्यायची भीती वाटते, लहानपणचं काहीतरी आठवतं, तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन सोफ्यावर बसतो, आणि आठ भाग स्वतःशीच भांडून शेवटी स्वतःशीच तडजोड करतो. हे पाहताना प्रेक्षकाने बाजू कुणाची घ्यायची? आपल्याकडे परिस्थिती नेमकी उलटी आहे. हरकत इतकी जालीम, की तिला पडद्यावर आणायलाच लेखक बिचकतो. त्यावर पुढे येतोच. कोरिया या दोन टोकांच्या बरोबर मध्ये सापडतो. वडीलधाऱ्यांचा वचक तिथे अजून आहे, पण तो जिवावर उठत नाही. श्रीमंत मुलाची आई गरीब मुलीला महागड्या हॉटेलात बोलावते, टेबलावरून पैशाचं पाकीट पुढे सरकवते, मुलगी ते परत सरकवते, आई ग्लासातलं पाणी तिच्या तोंडावर फेकते आणि पर्स उचलून निघून जाते. एवढंच. कुणाचं डोकं फुटत नाही, फक्त केस ओले होतात, आणि ते पुसायला रुमाल घेऊन नायक हजर असतो. अशा मापातल्या हरकतीचा नियमित आणि दर्जेदार पुरवठा, हेच कोरियन मालिकांच्या जागतिक यशाचं मर्म आहे, असं माझं म्हणणं आहे. बाकीचं सगळं, म्हणजे नायकांची कांती, वाफाळती नूडल्स, चेरीचा बहर, हा वरचा साज.

ही हरकत कोरियन लेखकांनी कल्पनेतून काढलेली नाही, हे त्यांच्या कायद्याच्या पुस्तकात दिसतं. एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळगावच्या कुळातल्या स्त्री-पुरुषांना लग्न करायला दक्षिण कोरियाच्या नागरी कायद्याने बंदी होती. आपल्या भाषेत, सगोत्र चालणार नाही. आता त्या देशात आडनावं थोडी. नुसतं गिमहे इथलं किम कुळ घेतलं तरी माणसं चाळीस लाखांहून अधिक भरतात. म्हणजे पसंत पडलेल्या मुलीला नाव विचारायच्या आधी तिच्या आजोबांच्या आजोबांचं गाव विचारणं शहाणपणाचं. तरीही लोक प्रेमात पडत आणि अडकत. अशा अडकलेल्यांसाठी सरकारने 1978, 1988 आणि 1996 साली वर्षवर्षभराची खास सवलत जाहीर केली, थकीत वीजबिलाची अभय योजना निघते तशी: या मुदतीत या, लग्न नोंदवा, पुढचं पुढे. 1997 साली घटना न्यायालयाने ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली आणि 2005 साली ती पुस्तकातून गेली. घराचा कायदेशीर प्रमुख पुरुषच, ही तरतूद तर 2008 साली संपली. आपल्याकडे सगोत्र विवाहाला कायद्याने 1946 सालीच मोकळीक दिली. त्यांच्या बरंच आधी. पण कायदा दिल्लीत झाला आणि हरकत घरी राहिली, त्यामुळे वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर गोत्राचा रकाना अजून तसाच आहे. मुद्दा एवढाच, की आज मालिका लिहिणाऱ्या कोरियन बाईच्या आईवडिलांच्या पिढीला ही हरकत दप्तरी नोंद असलेली, शिक्क्याची, खरीखुरी होती. तिला ती शोधावी लागत नाही, आठवावी लागते.

मालिकाच बघा. 2002 सालच्या ‘विंटर सोनाटा’त वीस भागांत अपघात होतो, नायकाची स्मृती जाते, ती परत येते न येते तोच आपण दोघं एकाच बापाची लेकरं तर नाही ना असा संशय उठतो, तो फिटतो, आणि शेवटी नायकाची दृष्टी जाते. एवढं सोसूनही दोघं एकमेकांशी इतक्या अदबीने बोलतात, की मधेच कुणी पाणी मागितलं तरी आपण ओशाळावं. 2019 सालच्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मध्ये तर दक्षिणेतली उद्योगपतीची मुलगी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियाच्या सैनिकी अधिकाऱ्याच्या अंगावर पडते. सासरमाहेरच्या मधे साधारण अडीचशे किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद निर्लष्करी पट्टा, दोन्हीकडे बंदुका. इतकी मोठी हरकत जगात दुसऱ्या कुठल्याही चित्रपटसृष्टीला आयती मिळालेली नाही. सोळा भाग ती पुरते, आणि शेवटी दोघं वर्षातून दोन आठवडे स्वित्झर्लंडमध्ये भेटायचं ठरवतात. शिवाय तिकडे प्रत्येक धडधाकट तरुणाला दीड वर्षाच्या आसपास सैन्यात जावंच लागतं. नायकाला नायिकेपासून दूर पाठवायला आपल्या लेखकाला विमान, अपघात नाहीतर कोमा लागतो. त्यांच्याकडे सरकार नोटीसच पाठवतं.

इथे जाणकार वाचक हात वर करणार, की हे सगळं भावनिक झालं, खरं कारण पैसा आणि सरकारी धोरण. हरकत रास्त आहे. 1994 साली कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांपुढे आलेल्या एका अहवालातलं उदाहरण पुढे फार गाजलं: ‘ज्युरासिक पार्क’ या एका चित्रपटाची कमाई पंधरा लाख ह्युंदाई गाड्यांच्या विक्रीइतकी आहे. डायनासोर गाडीपेक्षा बरा, हे त्या सरकारला पटलं. 1999 साली सांस्कृतिक उद्योगांना चालना देणारा कायदा झाला, आणि 2023 साली नेटफ्लिक्सने चार वर्षांत अडीच अब्ज डॉलर कोरियन कार्यक्रमांत घालायचं जाहीर केलं. हे सगळं मान्य. पण सरकार दुकानाला गाळा देऊ शकतं, गिऱ्हाईक आणून देऊ शकत नाही. तसं असतं तर जगातल्या यच्चयावत सरकारी वाहिन्यांवरचे शेतीविषयक कार्यक्रम रात्रभर जागून पाहिले गेले असते. अनुदान आपलं सरकारही मराठी चित्रपटांना देतं. शिवाय गाडी, फ्रिज आणि टीव्ही यांच्या मागोमाग मालिका घरात शिरते असं म्हणावं, तर रांजणगावात एलजीचा कारखाना कधीचा उभा आहे, आणि नगर जिल्ह्यात त्या कंपनीच्या टीव्हीवर वर्षानुवर्षं आपल्याच मालिकांतल्या सुनांनी आपल्याच सासवांचे टोमणे ऐकलेले आहेत. दक्षिण कोरिया क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आणि लोकसंख्येने निम्म्याहून कमी. एवढ्याशा देशाने पैशाच्या जोरावर हॉलिवूडशी पंजा लढवला म्हणणं, म्हणजे पैसा कुणाकडे जास्त आहे हेच विसरणं.

गिऱ्हाईक कुठून आलं ते पाहिलं की माझ्या म्हणण्याला बळ मिळतं. राजवाड्यातल्या मुदपाकखान्यात राबून वैद्य झालेल्या मुलीची गोष्ट, ‘दे जांग गम’, इराणच्या सरकारी वाहिनीवर तुफान चालली. जिथे पडद्यावर पुरुषाने बाईचा हात धरणंही मंजूर नाही, तिथल्या सेन्सॉरला त्या मालिकेत कात्री लावायला फारसं काही सापडलं नसणार, कारण हात धरायचा की नाही यावरच तर भागच्या भाग खर्च होतात. मणिपुरात 2000 सालच्या सप्टेंबरात एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली, त्या मोकळ्या जागेत कोरियाची आरिरांग वाहिनी शिरली आणि तिथेच राहिली. त्या समाजातही कुळं आहेत, थोरामोठ्यांचा मान आहे. आणि जपान? 2003 साली ‘विंटर सोनाटा’ जपानच्या राष्ट्रीय वाहिनीवर लागली तेव्हा नायक बे योंग-जूनसाठी वेड्या झाल्या त्या प्रामुख्याने मध्यमवयीन गृहिणी. ज्यांच्या तरुणपणी हरकती घेतल्या गेल्या आणि ज्यांनी मुकाट्याने त्या मान्य केल्या, अशा बायका. त्यांच्या मुलींना त्या मालिकेचं तितकं काही वाटलं नाही. त्यांना कुणी अडवलंच नव्हतं.

आता एक अवघड प्रश्न. 2006 च्या सुमारास आपल्या दूरदर्शननेच ही ‘दे जांग गम’ हिंदीत ‘घर का चिराग’ नावाने दाखवली होती. मग तेव्हा महाराष्ट्र कोरियन का झाला नाही? कारण तेव्हा घरात टीव्ही एक होता, आणि रिमोट हरकत घेणाऱ्यांच्याच हातात होता. थोरामोठ्यांना न जुमानता फुलणारं प्रेम थोरामोठ्यांच्या मांडीला मांडी लावून पाहता येत नाही. नायक नायिकेच्या जवळ सरकला की आजोबा खाकरतात, आई स्वयंपाकघरात कुकर बघायला जाते, वडील बातम्या लावतात. या मालिकांना गादीखाली मोबाइल, कानात वायर आणि स्वस्त डेटा हवा होता. तो 2016 च्या सप्टेंबरात जिओबरोबर आला, पुढे टाळेबंदीने वेळही दिला, आणि नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार 2020 साली भारतातलं कोरियन मालिकांचं पाहणं आदल्या वर्षाच्या तुलनेत 370 टक्क्यांहून अधिक वाढलं. राजूरच्या आसपासच्या वाड्यांवर यात आणखी एक हरकत असते, ती रेंजची. टेकाडावरच्या ठरावीक दगडापाशी जाऊन भाग उतरवून घ्यायचा आणि रात्री गोधडीत पाहायचा. इतक्या कष्टाने मिळालेली प्रेमकथा कोण अर्धी सोडेल? पडद्याच्या तळाशी भाषांतर दाखवणाऱ्या पट्टीवरच्या अक्षरांचं लोक उगीच भांडवल करतात, की भाषा कळत नाही तर बघतात कशाला. उलट त्या पट्टीनेच कोरियन मालिकेला मान मिळवून दिला आहे. आपली मालिका ऐकण्याची वस्तू आहे. चुलीपुढे पाठमोरी बसून भाकरी थापणाऱ्या बाईला धक्का चुकू नये म्हणून कॅमेरा सासूच्या चेहऱ्यावर तीनदा आदळतो आणि तीनदा ढोल वाजतो: पहिल्या ढोलाला तिने हात पुसायचा, दुसऱ्याला वळायचं, तिसऱ्याला बघायचं. यात दिग्दर्शकाची चूक नाही, तो भाकरीचा विचार करतो. कोरियन मालिका बघताना मात्र भाकरी थापता येत नाही. काम टाकून, बूड टेकून बसावंच लागतं. बाईमाणसाला तासभर नुसतं बसायला लावणारी करमणूक आपल्याकडे आधी कीर्तनाची होती.

‘स्क्विड गेम’चं काय, असं विचारणारे असतीलच. 2021 च्या सप्टेंबरात आलेली ती मालिका नव्वदहून अधिक देशांत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि तिच्यात प्रेम औषधालाही नाही. 456 माणसं, पोरांचे खेळ, हरला तो मेला. पण ती माणसं तिथे येतात कशामुळे? कर्जामुळे. हरकत इथेही आहे, फक्त ती आईने न घेता सावकाराने घेतलेली आहे, आणि तीही लग्नाला नव्हे, जगण्याला. हा विषय या डोंगरात कुणी कुणाला समजावून सांगायचा? राजूरजवळच्या देवगावचा राघोजी भांगरे सावकारांविरुद्ध उठला तो 1840 च्या दशकात. सावकारांची नाकं कापली गेल्याच्या हकिगती अजून सांगितल्या जातात. इंग्रजांनी त्याला 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. व्याज, वही आणि अंगठा या तीन गोष्टींना अकोले तालुक्यात पट्टीवर भाषांतर लागत नाही. या कथेसाठी दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक दहाएक वर्षं निर्माता शोधत होता, आणि ‘हे खरं वाटत नाही’ म्हणून त्याला परत पाठवलं जाई, हे वाचून मात्र मौज वाटते. निर्मात्यांपैकी कुणी आयुष्यात कर्ज काढलेलं दिसत नाही.

मग आपल्या मालिकांना हरकत जमत का नाही? याचं एक उत्तर धंद्याचं आहे. रोज भाग दाखवायचा, टीआरपी आहे तोवर दाखवायचा, त्यामुळे हरकत दूर होणं म्हणजे पन्नास माणसांची रोजी जाणं. ‘चार दिवस सासूचे’ 2001 साली सुरू झाली आणि 2013 साली, तीन हजारांवर भाग होऊन संपली; सुनेचे चार दिवस यायला प्रेक्षकच उरले नसतील. अशा मालिकेत हरकतीची धार जाते, ती सवय होते. दुसरं उत्तर धंद्याचं नाही. आपल्याकडे प्रेमाला खरी हरकत जातीची, आणि ती मराठी मालिकेच्या दिवाणखान्यात बोलायची नसते. म्हणून मग पदार्थात जास्तीचं मीठ टाकणं, दागिने लपवणं, खोटे रिपोर्ट, जुळी बहीण असल्या नकली हरकतींवर काम भागवावं लागतं. खरी हरकत मराठीत एकदा 2016 साली ‘सैराट’ने दाखवली, महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली, आणि तिचा शेवट कसा होतो ते सर्वांना ठाऊक आहे. तो शेवट दिग्दर्शकाचा क्रूरपणा म्हणणाऱ्यांनी सोनई आणि खर्डा इथले खून आठवावेत. दोन्ही गावं याच जिल्ह्यातली आहेत. पाण्याचा ग्लास फेकून थांबणारी आई आपल्या प्रेक्षकाला परीकथेतली वाटते ती यामुळे. राजूरची मुलगी गोधडीत कोरियन मालिका पाहते तेव्हा ती श्रीमंती किंवा गोरेपणा पाहत असेल असं सगळे धरून चालतात. मला वाटतं, ती अशी हरकत पाहत असते जिच्यातून माणूस जिवंत बाहेर येतो.

शेवटचा आक्षेप कोरियाच्या बाजूचा. मालिकांत एवढं प्रेम, आणि खुद्द देशात 2023 साली जननदर 0.72, जगात तळाला. लग्नच नको म्हणणाऱ्या देशाकडून जगाने प्रेम शिकायचं? यात मला विसंगती दिसत नाही. आजच्या सोलमधल्या तरुणाला हरकत घ्यायला आई उरलेली नाही; हरकत घेतात घराचं भाडं, मुलांच्या शिकवण्यांची फी आणि रात्री दहापर्यंतचं ऑफिस. भाड्याच्या पाया पडता येत नाही. बारा भाग त्याच्या दारात पावसात उभं राहिलं तरी त्याचं मन द्रवत नाही. जिला चेहरा आहे, जी शेवटी डोळे पुसून ‘बरं, जेवून जा’ म्हणेल अशी हरकत तिथेही पडद्यावरच उरली आहे, आणि म्हणून तिथले लेखक ती इतक्या जिव्हाळ्याने रंगवतात.

माझा सिद्धांत तपासायचा सोपा मार्ग म्हणजे एखाद्या कोरियन लेखिकेला राजूरला आणून बसवणं. तिला पहिल्याच दिवशी कळेल, की इथली थोरली हरकत पाण्याची आहे. भंडारदऱ्याचं धरण 1926 सालचं, त्याखाली निळवंडे. धरणं वर, लाभक्षेत्र खाली. तेव्हा नायक धरणात जमीन गेलेल्या घरचा, राजूरला खवा आटवून पेढे करणारा. नायिका खालच्या ऊसवाल्या बागायतदाराची मुलगी, पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून डांगी जनावरांच्या प्रदर्शनाला आलेली. तिच्या वडिलांची हरकत कुळाला नाही, पगाराला नाही. वरच्या लोकांना मुलगी दिली तर उद्या ते आवर्तनावर हक्क सांगतील, ही त्यांची भीती. चौथ्या भागात पाऊस येईल. एका छत्रीत दोघं हा कोरियन मालिकांचा हुकमी प्रसंग, पण राजूरच्या आषाढात छत्री पहिल्या झोतात उलटी होते आणि इरल्यात दोन माणसं मावत नाहीत, त्यामुळे एक जण भिजणार, आणि तो कोण हे ठरायला पाचवा भाग. पेढ्यांचा खोका दर भागात दोनदा दिसेल, मालिका संपेपर्यंत ते पेढे ब्राझीलमध्ये मागवले जातील. पंधराव्या भागात बागायतदार पेढा तोंडात टाकेल आणि काही बोलणार नाही. सोळाव्यात तो दुसरा पेढा उचलेल.

अडचण फक्त एकच, मालिका आपल्या वाहिनीकडे गेली तर. निळवंड्याला मंजुरी मिळाली 1970 साली आणि कालव्यात पाणी सुटलं 2023 साली. आमच्या लेखकमंडळींनी हा आदर्श पुढे ठेवला, तर दुसरा पेढा उचलायच्या आत नायकाच्या भट्टीला चारदा सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागेल.